क्रिप्टोग्राफी शिकायचीय? आधी तोडायला शिका, मग चाव्या सांभाळायला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात कर्ज देणाऱ्या एका फिनटेकमध्ये जावा बॅकएंडवर चार वर्षं झाली, शिक्षण बीसीए, मॅनेजरने सांगितलंय की यापुढे डेटा सिक्युरिटीचं काम तुम्ही बघा, एका क्लासवाल्याने अप्लाइड क्रिप्टोग्राफीच्या (डेटा चावीने कुलूपबंद करायच्या शास्त्राच्या) वीकेंड बॅचचे ८५ हजार सांगितलेत, तर क्लास लावावा का, सर्टिफिकेट कुठलं करावं, आणि मॅथ्स कच्चं असताना हे जमेल का.

मी पेमेंट आणि बँकिंगच्या बाजूला १७ वर्षं हेच काम करतोय आणि गेली काही वर्षं नवीन मुलामुलींना शिकवतोय पण, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पैसे अजून भरू नका. तुम्ही सिलॅबस दिलाय तो बघून म्हणतोय. दहा वीकेंडपैकी चार वीकेंड सीझर आणि प्लेफेअर या जुन्या सांकेतिक लिपी, जुन्याच डीईएसच्या सोळा राउंडची आकृती आणि आरएसए या जाहीर चावीच्या पद्धतीची सिद्धता, आणि की मॅनेजमेंट म्हणजे चाव्या सांभाळणं शेवटच्या रविवारी दोन तास. हा इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा पेपर झाला, कामाचं ट्रेनिंग नाही. एईएस हे आज सगळीकडे चालणारं एन्क्रिप्शन २००१ साली स्टँडर्ड झालं, तेव्हापासून जगातल्या हुशार लोकांनी त्यावर डोकं आपटलंय आणि प्रत्यक्षात वापरता येईल असा तडा अजून कोणाला सापडलेला नाही. माझ्यासमोर जे जे काही फुटलं ते सगळं सांध्यात फुटलं, म्हणजे चावी कुठे ठेवली, मोड (ब्लॉकमागून ब्लॉक एन्क्रिप्ट करायची रीत) कुठला घेतला, रँडम आकडा खरंच रँडम होता का, एरर मेसेजमध्ये काय सांगून टाकलं, हॅश (परत न उलटणारा ठसा) लावायचा तिथे एन्क्रिप्ट (चावीने परत उघडता येईल असं) केलं का. तुम्हाला शिकायचंय ते हे सांधे.

एक प्रसंग सांगतो, तुमच्याच धंद्यातला. एका कंपनीत रिव्ह्यूला गेलो होतो, नाव सांगत नाही. कस्टमर टेबलात आधार नंबरचा कॉलम होता आणि टीम लीड मोठ्या विश्वासाने म्हणाला, सर आम्ही आधार साठवतच नाही, एसएचए-२५६ हा हॅश करून ठेवतो, हॅश उलटा फिरवता येत नाही. वाक्य पुस्तकात बरोबर आहे. पण आधार १२ आकडी, पहिला आकडा ० किंवा १ नसतो, शेवटचा आकडा चेकसम असतो म्हणजे तो बाकीच्यांवरून काढता येतो. मग उरलं काय, पहिल्या जागी ८ पर्याय आणि मधल्या दहा जागांना प्रत्येकी १०, म्हणजे एकूण ८,००० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं पण गेमिंगचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी एसएचए-२५६ करतं, म्हणजे पूर्ण देशातल्या सगळ्या शक्य आधार नंबरांचे हॅश काढून टेबलातल्या हॅशशी जुळवणं एका मिनिटाच्या आसपास होतं. मोबाईल नंबर तर त्याहून सोपा, ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे, फक्त ४०० कोटी, ते साध्या लॅपटॉपवर पण चहा होईपर्यंत होतं. मी त्याच्याच टेस्ट डेटावर चालवून दाखवलं आणि स्क्रीनवर नंबर धडाधड पडायला लागले तेव्हा खोलीत कोणीच काही बोललं नाही. तो मुलगा हुशार होता, त्याला कोणी हे कधी करून दाखवलंच नव्हतं, आणि मला ट्रेनिंगबद्दल एवढं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते यासाठीच.

त्यावर लगेच कोणीतरी म्हणतं की सॉल्ट टाकू, म्हणजे हॅश करण्याआधी प्रत्येक नंबराला एक वेगळा रँडम तुकडा जोडू. सॉल्टने एकच तयार टेबल सगळ्यांना लावणं बंद होतं, पण सॉल्ट त्याच रोमध्ये शेजारी पडलेला असतो, म्हणजे एका माणसाचा नंबर काढायला पुन्हा तेच मिनिट. मूळ गोष्ट अशी की ज्या डेटात शक्यताच कमी आहेत त्याला नुसता हॅश पुरत नाही, त्याला गुपित लागतं. म्हणून शोधासाठी एचमॅक म्हणजे चावी घालून केलेला हॅश, ज्याची चावी डेटाबेसच्या बाहेर राहते, आणि खरा आकडा टोकनच्या (त्याच्या जागी वापरायच्या बदली आकड्याच्या) मागे वेगळ्या व्हॉल्टमध्ये. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने आधार डेटा व्हॉल्ट आणि रेफरन्स कीची (आधारऐवजी वापरायच्या बदली नंबराची) सक्ती केली, चाव्या एचएसएममध्येच (चाव्या बाहेर न सोडणाऱ्या खास उपकरणात) ठेवा म्हणून सांगितलं, ते याच विचारातून. आणि पासवर्ड असेल तर मुद्दाम हळू चालणारा हॅश, आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट, एसएचए-२५६ नाही. २०१३ मध्ये ॲडोबीचे १५ कोटीच्या आसपास रेकॉर्ड बाहेर आले, त्यात पासवर्ड हॅश न करता ट्रिपल डीईएसने ईसीबी मोडमध्ये एन्क्रिप्ट केलेले होते, म्हणजे ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांचं एन्क्रिप्टेड टेक्स्ट पण सारखं, आणि वर पासवर्डची हिंट शेजारी उघडी. चावी न मिळवता लोकांनी शब्दकोड्यासारखे पासवर्ड सोडवले.

आता मॅथ्स. भीती काढून टाका. रोजच्या कामाला लागतं ते एवढंच: मॉड्युलो (भागाकाराची बाकी) म्हणजे काय, एक्सॉर (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०) म्हणजे काय, संभाव्यतेचा अंदाज, आणि २ चा ३२ वा घात नि २ चा १२८ वा घात यातला फरक पोटातून जाणवणं. आरएसए वहीत करून बघा, कॉम्प्युटर नको. ५ आणि ११ घ्या, गुणाकार ५५. एकेक कमी करून ४ गुणिले १० म्हणजे ४०. जाहीर घात ३ घ्या. आता असा आकडा हवा ज्याला ३ ने गुणून ४० ने भागलं की बाकी १ उरते, तो २७, कारण ८१ मधून ८० गेले की १. संदेश ८ आहे असं समजा, ८ चा घन ५१२, ५५ ने भागून बाकी १७, हे झालं सायफर, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला संदेश. १७ चा २७ वा घात करून ५५ ने भागा, बाकी परत ८ येते. पहिल्यांदा तो ८ स्वतःच्या हाताने परत आलेला बघितला की पुढचं वाचायला भीती वाटत नाही. तो २७ काढायची जी रीत आहे, ती मुळात आर्यभटाने सांगितलेला आणि भास्कराचार्यांनी पुढे शिकवलेला कुट्टकच आहे, तेव्हा हे आपल्याला परकं गणित आहे असं मनात आणू नका. पण हो, हे वहीतलं आरएसए कधीही प्रोडक्शनमध्ये लिहायचं नाही, पॅडिंगशिवाय, म्हणजे संदेशाला ठरलेल्या रीतीने भर न जोडता केलेलं आरएसए म्हणजे कडी नसलेलं दार. स्वतःचा अल्गोरिदम किंवा स्वतःचं इम्प्लिमेंटेशन नाही, लिबसोडियम, टिंक किंवा जावाच्या तपासलेल्या लायब्ररीच वापरायच्या.

मग तोडायला शिका. क्रिप्टोपाल्स नावाचा सरावसंच आहे, फुकट आहे, हेक्स आणि बेस६४ (डेटा अक्षरांत लिहायच्या पद्धती) पासून सुरू होतो आणि हळूहळू खऱ्या हल्ल्यांपर्यंत नेतो. पहिले दोन संच झाले की तिसऱ्यात पॅडिंग ऑरॅकल येतो, तो काहीही झालं तरी सोडू नका, चार शनिवार गेले तरी चालतील. व्होदने नावाच्या संशोधकाने २००२ मध्ये हा हल्ला मांडला आणि २०१० मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर जसाच्या तसा लागू झाला. गंमत अशी आहे की सर्व्हर चावी देत नाही, मजकूर देत नाही, फक्त पॅडिंग चुकलं तर एक एरर देतो आणि पॅडिंग बरोबर पण टोकन चुकीचं असेल तर दुसरा, बस, एवढ्या एका फरकावर सीबीसी मोडमधला (यात प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकशी साखळीने जोडलेला असतो) अख्खा मजकूर निघतो. एका बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, १६ बाइटच्या ब्लॉकला म्हणजे फार तर ४,०९६ रिक्वेस्ट. तुम्ही लिहिलेल्या स्क्रिप्टमधून शेवटच्या अक्षरापासून मागे मागे एकेक अक्षर उमटायला लागतं ना, त्या रात्रीनंतर तुम्ही एरर मेसेज लिहिताना दहा वेळा विचार करता. कुठल्याही क्लासच्या स्लाइडने ते होत नाही. मी शिकवतो त्यांना लेक्चर अर्धा तास आणि कीबोर्डवर तीन तास, हेच प्रमाण ठेवतो, आणि क्लासवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच की दर वीकेंडला आमचे हात कीबोर्डवर किती तास असणार.

तोडून झालं की बरोबर बांधायचं कसं. आजच्या कामात तुम्ही बहुतेक एईएस-जीसीएम (एन्क्रिप्टही करतो आणि छेडछाड झाली तर टॅगवरून ओळखतो असा मोड) वापराल आणि त्यात दोन गोष्टींवर लोक पडतात. एक नॉन्स, म्हणजे प्रत्येक संदेशाला एकदाच वापरायचा आकडा. एकाच चावीखाली तोच नॉन्स दोनदा वापरला तर दोन सायफरचा एक्सॉर म्हणजे दोन मूळ मजकुरांचा एक्सॉर, शिवाय खोटा संदेश खरा म्हणून पास करण्याइतकी माहिती पण फुटते. कोणी मुद्दाम करत नाही हे, नॉन्स देणारा काउंटर मेमरीत असतो आणि व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलं की काउंटर मागे जातो. नॉन्स रँडम घेत असाल तर एका चावीवर २ च्या ३२ व्या घातापेक्षा, म्हणजे साधारण ४२९ कोटींपेक्षा जास्त संदेश नाहीत, त्याच्या बऱ्याच आधी चावी बदला. डिजिटल सह्यांमध्ये पण असाच आकडा असतो, प्लेस्टेशन ३ च्या बाबतीत तो प्रत्येक सहीला नवा घ्यायचा तो एकच ठेवला होता, २०१० च्या डिसेंबरमध्ये हॅकर्सनी जाहीरपणे दाखवलं की त्यावरून सोनीची खाजगी चावीच काढता येते.

दुसरी गोष्ट फार कमी ठिकाणी शिकवतात, ती म्हणजे जोडमाहिती, जी एन्क्रिप्ट होत नाही पण उघडताना तपासली जाते, सगळे तिला एएडी म्हणतात. समजा तुमच्या टेबलात प्रत्येक कर्जदाराचा बँक खाते नंबर एन्क्रिप्ट केलेला आहे, चावी एचएसएममध्ये, सगळं नीट. आता डेटाबेसला हात लावू शकणारा एक माणूस काहीही डिक्रिप्ट न करता स्वतःच्या रोमधला एन्क्रिप्टेड तुकडा उचलतो आणि तुमच्या रोमध्ये चिकटवतो. सिस्टिम तो आनंदाने उघडते, टॅग बरोबर येतो कारण तुकडा खराच आहे, आणि तुमच्या कर्जाचे पैसे त्याच्या खात्यात जातात. यावर उपाय एका ओळीचा आहे, एन्क्रिप्ट करताना कस्टमर आयडी, टेबल आणि कॉलमचं नाव एएडी म्हणून द्यायचं, मग तुकडा जागेवरून हलवला की उघडतच नाही. मी रिव्ह्यूला गेलो की हे आधी बघतो, आणि बहुतेक वेळा तो पॅरामीटर रिकामा असतो.

आता चाव्या, आणि खरं काम इथे आहे. ऑफिसात सगळे की म्हणतात, मी चावी लिहितोय कारण मराठीत की आणि की चा गोंधळ होतो. एका ठिकाणी चार वर्षांचा डेटा एकाच चावीने एन्क्रिप्ट केलेला, चावी प्रॉपर्टीज फाइलमध्ये, ती फाइल गिटमध्ये (कोड साठवायच्या सामायिक जागेत), आणि नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तिची प्रत. ठरलं की चावी बदलायची. बसल्यावर कळलं की सायफरसोबत चावीचा नंबरच साठवलेला नाही, म्हणजे बदल सुरू केला की कुठला रो जुन्या चावीचा आणि कुठला नव्या, हे सांगायला काही नाही. आधी प्रत्येक तुकड्यापुढे व्हर्जनचा एक बाइट लावला, मग कोड असा केला की वाचताना दोन्ही चाव्या चालतील पण लिहिताना फक्त नवी, मग मागे जॉब लावून हळूहळू सगळे रो नव्या चावीवर आणले, असे तीन वीकेंड गेले आणि त्यानंतर आठवलं की बॅकअप अजून जुन्या चावीवरच आहेत, ते ठेवायचे की पुसायचे हा निर्णय वरच्या लोकांकडून घ्यायला पुढचे दोन महिने. हा एक बाइट पहिल्या दिवशी लिहायला पाच मिनिटं लागली असती. म्हणून मी शिकवताना चावी बदलण्याचा सराव आधी घेतो आणि एन्क्रिप्शन नंतर. डेटाची चावी वेगळी, त्या चावीला झाकणारी मोठी चावी वेगळी आणि ती केएमएस (चाव्या सांभाळणारी सेवा) किंवा एचएसएमच्या बाहेर कधी न येणारी, ही रचना हाताने उभी करा. सॉफ्टएचएसएम, म्हणजे एचएसएमची सॉफ्टवेअर नक्कल, फुकट मिळतं, लॅपटॉपवर चालतं, त्यावर सगळं करता येतं. प्रत्येक ग्राहकाच्या डेटाला वेगळी चावी ठेवली तर त्याने माझा डेटा पुसा म्हटल्यावर ती चावी नष्ट केली की बॅकअपमधला पण डेटा मेला, हा फायदा वेगळाच.

पेमेंटकडे आलात तर की सेरेमनी (चावी एचएसएममध्ये भरायचा विधी) बघायला मिळेल आणि ती संधी आली तर नक्की घ्या. बंद खोली, कॅमेरा, तीन कस्टोडियन, प्रत्येकाकडे सीलबंद पाकिटात चावीचा एकेक कंपोनंट, एक जण टाइप करतो तेव्हा बाकीचे दोघं पाठ फिरवून उभे. तीन कंपोनंटचा एक्सॉर एचएसएमच्या आत होतो, पूर्ण चावी जगात कोणीच बघत नाही, आणि बरोबर भरली गेली का ते केसीव्हीवरून कळतं, म्हणजे त्या चावीने शून्यांचा ब्लॉक एन्क्रिप्ट करून आलेल्या उत्तराचे पहिले सहा हेक्स आकडे. मी पहिल्यांदा कस्टोडियन म्हणून उभा राहिलो तेव्हा ६४ अक्षरं टाइप करताना हाताला घाम आला होता. एका माणसावर विश्वास टाकायची वेळच येऊ द्यायची नाही ही कल्पना किती सुंदर आहे ते त्या खोलीत कळलं.

टीएलएसला, म्हणजे दोन मशीनमधलं बोलणं सुरक्षित करणाऱ्या पद्धतीला, वेगळा महिना द्या. ओपनएसएसएलने स्वतःची सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था) उभी करा, दोन सर्व्हिसमध्ये दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट (मशीनची डिजिटल ओळख) मागा, मग मुद्दाम एक एक्स्पायर होऊ द्या आणि काय काय बंद पडतं ते बघा. पब्लिक सर्टिफिकेटची मुदत कमी होत चाललीय, मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस, त्यामुळे कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून हाताने बदलायचे दिवस संपले, ऑटोमेशन शिकावंच लागेल. पोस्ट क्वांटमबद्दल (क्वांटम कॉम्प्युटरलाही न फुटणाऱ्या क्रिप्टोग्राफीबद्दल) आत्ता एवढंच पुरे की नवीन स्टँडर्ड ऑगस्ट २०२४ मध्ये आली, त्यातलं चावी ठरवण्याचं एमएल-केईएम हे नाव लक्षात ठेवा, आणि तुमच्या सिस्टिममध्ये आरएसए आणि ईसीसी (जाहीर चावीची दुसरी पद्धत) कुठे कुठे आहे त्याची यादी करायला घ्या, ती यादीच कोणाकडे नसते.

कायद्याची बाजू डेव्हलपर टाळतात पण तुमच्या मॅनेजरला तीच हवी आहे. डीपीडीपी हा वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात एन्क्रिप्शन, मास्किंग, टोकन यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जातो. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, आणि रात्री अडीच वाजता ते सहा तास कोण मोजणार हे आधी ठरलेलं असावं लागतं.

परीक्षेच्या सर्टिफिकेटचं म्हणाल तर सीआयएसएसपी चांगलं आहे पण ते आठ विषयांवर पसरलेलं, क्रिप्टोग्राफी त्यात एक कोपरा, आणि पाच वर्षांच्या अनुभवाची अट आहे, दोनेक वर्षांनी बघा. सीईएच (एथिकल हॅकिंगचं) तुमच्या कामाचं नाही. प्रायव्हसीकडे झुकायचं असेल तर डीएससीआय या डेटा सिक्युरिटीच्या संस्थेची सर्टिफिकेट आपल्या कायद्याला धरून आहेत. पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर सीडॅकचा सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा आहे, आणि खोल गणितात जायचं असेल तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा क्रिप्टोलॉजीचा एमटेक, पण नोकरी सांभाळून करणाऱ्यासाठी मी स्टॅनफर्डच्या डॅन बोने यांचा कोर्सेराचा कोर्स सुचवेन, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा कोर्स पण आहे, तो बघायला पैसे लागत नाहीत. बोने यांचा पहिल्या वेळी अर्धा डोक्यावरून जातो, जाऊ द्या, क्रिप्टोपाल्सचे तीन संच करून परत बघा. साधारण सहा ते आठ महिने धरा, आठवड्याला सहा तास, आणि तेव्हाही क्लास हवासा वाटला तर ८५ हजार भरताना काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

या सोमवारी ऑफिसात एक करा. तुमच्या जावा कोडमध्ये सायफर डॉट गेटइन्स्टन्स (Cipher.getInstance) शोधा. कंसात नुसतं एईएस लिहिलेलं सापडलं, मोड नाही, पॅडिंग नाही, तर जावा मुकाट्याने ईसीबी घेते, तेच ॲडोबीवालं. सापडलं तर टीमच्या ग्रुपवर टाकू नका, लीडला बाजूला घेऊन सांगा, त्या ओळीतून कुठला कॉलम जातो ते आधी काढा, आणि दुरुस्त करताना जुना डेटा वाचणारा कोड लगेच उडवू नका, आधी तो व्हर्जनचा एक बाइट लावा. मग कुठे अडलात तर इथेच लिहा, कोड नको, फक्त रचना सांगा, मी बघतो.